बाजूची फट

३ जानेवारी, शनिवार

ऑगस्टनंतर या वहीत एक अक्षर नाही. वहीची माफी मागणं हा वेडेपणाच, पण न मागता लिहायला बसले तर तास सुरू झाल्यावर वर्गात शिरल्यासारखं वाटतं. तेव्हा माफ कर. घडलं काहीच नव्हतं असं नाही. जे घडलं ते लिहिलं की खरं होईल, अशी भीती होती.

सप्टेंबरात डॉक्टरांनी आईचे डोळे तपासले. नजरेचा मधला भाग झिजत चालला आहे. कडेकडेचं दिसत राहील, मधलं जाईल. केव्हा, असं मी विचारलं. ते म्हणाले, वसंतापर्यंत तरी टिकावी नजर. आई कोट चढवत होती. म्हणाली, "म्हणजे फेब्रुवारी मिळाला. पुरे."

फेब्रुवारी म्हणजे स्टर्जन माशांचा हंगाम. विनेबेगो तळं तेव्हा घट्ट गोठलेलं असतं. त्यावर लोक लाकडी खोपटी ओढून नेतात, बर्फाला दाराएवढं भोक पाडतात आणि अंधारात भाला घेऊन खाली पाण्यात बघत बसतात. आई आणि बाबा चाळीस हिवाळे असे बसले. आईने एक मासा मारला, बाबांनी एकही नाही, आणि बाबा जाईपर्यंत घरात हा विषय जेवताना काढायचा नाही असा नियम होता.

आता आईची एकच इच्छा आहे. "जन्मभर त्या भोकातून खाली बघत आले," ती म्हणते. "एकदा वरून बघायचंय."

वरून दाखवायला माझ्याकडे विमान आहे. आमच्याकडे, म्हणायला हवं. दोन जणांपुरतं, चंदेरी, आम्ही दोघींनीच धान्याच्या कोठारात बांधलेलं. मी बाहेरून पत्रे जोडणारे रिव्हेट ठोकायची, आई शेपटीच्या आत हात घालून लोखंडी ठोकळा धरायची. माझा हात तिथे जात नसे.

आज अर्धा तास उडवून आणलं. प्रत्येक उड्डाणानंतर आई चाकांच्या फळीवर उताणी झोपून विमानाखाली सरकते आणि पोट पुसते. इंजिन श्वास सोडतं, त्या वाफेत तेलाचे बारीक कण असतात. नळीतून ते बाहेर पडतात आणि पोटावर काळपट ओघळ येतो. आईचं हे काम ठरलेलं. आज ती गाडीत जाऊन बसल्यावर मी वाकून पाहिलं, तर मधोमध दोन रुंद पट्टे तसेच राहिलेले. आई काम अर्धवट टाकणारी नव्हे. खांदा दुखत असणार, आणि ती सांगणार नाही.

मीच पुसले. तिला कळू दिलं नाही.


१० जानेवारी, शनिवार

मागवलेला डबा आला. हातात मावेल असा अॅल्युमिनियमचा डबा आहे, आत जाळी. इंजिनाची वाफ एका बाजूने आत शिरते, तेल जाळीला चिकटून खाली ठिबकतं, कोरडी वाफ दुसऱ्या नळीतून बाहेर जाते. पोट स्वच्छ. आईला फळीवर झोपायला नको.

दर शनिवारी गॉर्डी पेल्कीच्या हँगरमध्ये, म्हणजे विमानांच्या शेडमध्ये, पॅनकेक असतात. गॉर्डी आमचा शेजारी, आमचं विमानही तिथेच उभं असतं. त्याचं स्वतःचं विमान गेली सहा वर्षं "येत्या उन्हाळ्यात" उडणार आहे. डबा बघून त्याने तो कानाशी धरून हलवला.

"दुधाची बरणी आहे का गं रेने?"

"तेल वेगळं करतो."

"आणि ते तेल कुठे सोडणार? परत इंजिनात?"

"तसं सुचवलंय पत्रकात."

"सोड, सोड. तेलाबरोबर वाफेचं पाणीपण जाईल पोटात. आतून गंजेल, पण बाहेरून काय झकास दिसेल! माझ्या पहिल्या बायकोसारखं."

"दुसरीसारखं म्हण," आई मागून म्हणाली. "पहिलीला मी ओळखत होते. बरी होती."

"आर्लिस! तू कधी आलीस?"

"तू खोकलास तेव्हाच. दारातून ओळखला तुझा खोकला. डॉक्टरकडे जा, मेल्या."

गॉर्डीचं पाण्याबद्दलचं म्हणणं खरं होतं. खालचं तेल इंजिनात न सोडता वेगळ्या बाटलीत घ्यायचं ठरवलं. हे मला आधी का सुचलं नाही? औषधाच्या दुकानात मी प्रत्येक गोळी दोनदा बघते, आणि इथे पत्रकात छापलंय म्हणून मान डोलावली.

परतताना आईने विचारलं, "म्हणजे आता तेल येणार नाही खाली?"

"थेंबभर. नाहीच म्हण."

रस्त्याच्या कडेला गवताच्या काड्यांवर दहिवर गोठलं होतं, सगळं शेत साखरेत बुडवल्यासारखं. ती तिकडे बघत होती की माझ्याकडे, सांगता येईना. अलीकडे बोलताना तिचा चेहरा जरा भलतीकडे असतो. माझ्या खांद्यामागे कुणी उभं असल्यासारखा. मला त्याचा राग येतो, आणि मग रागाची लाज वाटते.

"मग मी काय पुसू?" ती म्हणाली.

"आराम कर की."




१८ जानेवारी, रविवार

दिवसभर हँगरमध्ये. इंजिनामागच्या पोलादी भिंतीला भोकं पाडायची म्हणजे आपल्याच दाताला भोक पाडल्यासारखं वाटतं. आधी पुठ्ठ्याचा डबा करून ठेवून पाहिला. नळीला कुठेही खोलगट वळण नको, नाहीतर पाणी साचेल. सगळीकडे उतार हवा. इंजिनावरचं झाकण बसल्यावर कशाला घासता कामा नये. तीनदा जागा बदलली. चौथ्यांदा पहिलीच जागा बरी वाटली.

डब्यामागचे नट आईने बसवले. दोन बोटं जातील एवढीच जागा, आणि दिसत काहीच नाही. मी बॅटरी धरली तर म्हणाली, "ती बाजूला कर, उगाच डोळ्यांवर येते." डोळे मिटले आणि मान वर करून, जणू कुठलंसं गाणं आठवत आहे अशी, चारही नट फिरवून घट्ट केले. खाली एकही पडला नाही. हात अजून तसेच आहेत तिचे. मला केवढा धीर आला.

जुनी नळी काढून टाकली. इंजिन जुनं घेतलं होतं, त्याच्यासोबत आलेली ती. वरच्या अर्ध्यात, एका बाजूला कानशीने घासल्यासारखी फट होती तिला. बारा वर्षं ती फट मला खुपत आली. कुणाच्या तरी हातून घसरलेलं हत्यार, आणि दुरुस्त न करता तसंच विकलेलं. नवी नळी रबराची, काळी, अखंड. जुनी भंगाराच्या पिंपात टाकली तेव्हा खरोखर हलकं वाटलं.

चिंध्यांची टोपलीही घरी आणली. बाबांच्या फ्लॅनेलच्या शर्टांच्या चिंध्या. आता तिथे त्यांचं काम नाही. टोपली तळघराच्या जिन्यात ठेवताना आई वरून बघत होती, म्हणजे वरून तिचा चेहरा माझ्याकडे होता. तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.


२४ जानेवारी, शनिवार

सकाळी अर्धवट झोपेत खोपटं दिसलं. मी सात-आठ वर्षांची. दार लावून घेतलं की आत काळोख, आणि मग जमिनीतून उजेड येतो. हिरवा, दुधट. बर्फावर पडलेलं ऊन बर्फातून झिरपून खालून वर येतं. तळाशी बाबांनी सोललेले बटाटे टाकलेले, मासा वरून गेला की ते झाकले जावेत म्हणून. आई भोकाच्या काठाशी बसून असे. तासन् तास. मी विचारायची, काय दिसतं? ती म्हणायची, "बटाटे." मग खूप वेळाने म्हणायची, "पण बघायचा कंटाळा नाही येत."

स्वप्नात मी खाली बघत होते आणि बटाट्यांच्या जागी खूप खोल, लहान लहान, आमचं विमान चाललं होतं. सावली नव्हती त्याला.

फ्रिजवर डॉक्टरांनी दिलेला रेघांचा चौकोन चिकटवला आहे. आईने रोज सकाळी त्याकडे बघायचं आणि रेघा वाकड्या दिसतात का ते सांगायचं. आज मी फ्रिज पुसायला तो काढून ओट्यावर ठेवला होता. आई आली, फ्रिजसमोर उभी राहिली, म्हणाली, "सरळ आहेत," आणि कॉफी घ्यायला गेली.

सवयीने म्हणाली असेल. मी कागद परत लावला. विचारायला हवं होतं. का विचारलं नाही, हे लिहायला बसले होते, पण काही सुचत नाही.


७ फेब्रुवारी, शनिवार

उडाले! एकटी. शून्याखाली अठरा, आकाश निळ्या काचेसारखं. इंजिन एवढ्या थंडीत नेहमीपेक्षा गोड वाजतं. तळ्यावर गेले नाही. ते आईसोबत बघायचं म्हणून राखून ठेवलं, मान वळवून दुसरीकडेच बघितलं. वीस मिनिटं फिरले आणि उतरले.

पोट कोरडं. आरशासारखं. बाटलीत चमचाभर मळकट पांढरं पाणी आणि तेल. म्हणजे डबा काम करतो. नळीच्या तोंडाशी बर्फाचं पांढरं कडं जमलं होतं, अंगठीसारखं. बोटाने खरवडलं, निघालं.

आईने पोटावरून तळहात फिरवला. नाकापासून शेपटीपर्यंत, मग परत.

"कोरडं आहे," ती म्हणाली.

"आहे ना?"

"हो. छान झालं हो."

गॉर्डी म्हणाला, "आर्लिस, तुझी नोकरी गेली की गं. ये माझ्याकडे, माझं विमान पूस."

"तुझं उडू दे आधी. तोवर धूळ पुसायला पोरगं ठेव."

पुढच्या शनिवारी हंगाम सुरू. सगळं तयार आहे.


८ फेब्रुवारी, रविवार

काहीही तयार नव्हतं. 

चर्चनंतर आई आणि मी तळ्याच्या काठाने चाललो होतो. खोपटी ओढून आणून काठावर रांगेत उभी आहेत. वारा तोंडावर. आईने मफलर नाकापर्यंत गुंडाळला होता. तोंडासमोर त्याची लोकर श्वासाने ओली होऊन गोठली होती, पांढरी, फळीसारखी कडक. आणि तिचा श्वास डाव्या कानाखालून बाहेर येत होता. लहान ढग, पुन्हा लहान ढग.

"घट्ट करून देऊ का मफलर?" मी म्हटलं.

"नको. बाजूची फट मुद्दामच ठेवते. समोरचं गोठतं ना. मग श्वास घ्यायचा कुठून?"

मी चालता चालता थांबले. ते अंगठीसारखं कडं. वीस मिनिटांत अंगठी, तर तासाभरात बूच. नळीचं तोंड बर्फाने बंद झालं की इंजिनाचा श्वास आत कोंडतो. कोंडला की सर्वांत कमजोर जागा शोधतो, आणि ती जागा म्हणजे विमानाच्या नाकावरच्या पंख्यामागचं, तेल अडवणारं रबरी सील. ते उडालं की सगळं तेल समोरच्या काचेवर, आणि काही मिनिटांत इंजिन गप्प. तळ्यावर. आईला घेऊन.

ती फट कुणाच्या हातून घसरलेली चूक नव्हती. कुणीतरी मुद्दाम पाडलेली होती, झाकणाच्या आत, ऊब असते तिथे. तोंड गोठलं तरी बाजूने श्वास जावा म्हणून. आणि मी ती नीटनेटकेपणापायी पिंपात टाकली, वर हलकं वाटलं म्हणून लिहून ठेवलं.

आईला गाडीत बसवलं आणि हँगर गाठलं. पिंप रिकामं. गॉर्डी खुर्चीत रेडिओ ऐकत होता.

"भंगार नेलं?"

"काल नेलं."

"त्यात एक नळी होती, गॉर्डी. फट असलेली."

"ती होय? ती नाही दिली. चांगली लांब होती." त्याने बोट दाखवलं. माझी नळी त्याच्या मागच्या दाराला अडसर म्हणून लावलेली होती. "वारा आला की शिट्टी वाजते तिच्यातून. सोबत होते."

मी ती दारातून उपसली. दार धाडकन उघडलं आणि त्याच्या पॅनकेकच्या पिठात बर्फ आला.

"बाई गं, मागितली असती तर दिली असती!"

मी सगळं सांगितलं. त्याने रेडिओ बंद केला. मग म्हणाला, "डबा लावलास तेव्हा मीपण बघितला. पाण्यावरून अक्कल शिकवली. हे नाही दिसलं मला." टोपी काढून परत घातली. "आर्लिसला सांगू नकोस. आयुष्यभर ऐकवेल."

आईला गाडीतच सांगितलं. लपवणं मला जमत नाही. ती हसली नाही, रागावलीही नाही. मफलर सोडून मांडीवर घेतला आणि गोठलेला भाग बोटांनी चोळत राहिली.

"मग आता?"

"आता त्या जुन्या नळीचा फटवाला तुकडा कापून नव्या नळीत बसवायचा, डब्याच्या पुढे, झाकणाच्या आत."

"फटीतून थोडं तेल येईल ना?"

"तोंड गोठलं तरच. येईल थोडं."

"येऊ दे," आई म्हणाली.


१० फेब्रुवारी, मंगळवार

दुकान सुटल्यावर तुकडा बसवला. फट गरम धुराड्याकडे तोंड करून. पट्ट्या दोनदा आवळल्या. तुकडा गंजकट, बाकी सगळं नवं. गालबोट लावल्यासारखं दिसतं.

प्रश्न असा आहे: ज्या बाईने ही चूक केली तिने आपल्या आईला विमानात बसवावं का? दुसरी एखादी चूक अजून मला दिसलेली नसेल तर? मला जे दिसतं तेवढंच मी तपासते. आईला हे विचारलं. ती बटाटे सोलत होती, रेडिओ लावून, दिवा न लावता.

"रेने, तुझ्या बाबांनी दर वर्षी बर्फाची जाडी तीन ठिकाणी मोजली. तरी पहिलं पाऊल टाकताना माझा हात धरायचे. भीती वाटते तर वाटू दे. हात धर आणि चल."

"आई, तुला किती दिसतं? खरं सांग."

"पुरेसं दिसतं." मग म्हणाली, "सुरी इकडे दे, पडली वाटतं."

सुरी तिच्या समोरच, ताटलीत होती. अंधारच होता खोलीत. मी दिवा लावला.


१४ फेब्रुवारी, शनिवार

हंगामाचा पहिला दिवस, आणि धुकं. हँगरच्या दारातून धावपट्टीही दिसत नव्हती. दिवसभर पांढऱ्यात बसलो. कुठून तरी तळं कण्हल्याचा आवाज येत होता, बर्फ ताणला की येतो तो, लांब, खोल. गॉर्डीने चीजचे तळलेले तुकडे आणले. आईने थर्मासमधून कॉफी ओतली, कपाच्या काठात बोट अडकवून. बोट भाजेल म्हटलं, तर म्हणाली, हात गार पडलेत.


१५ फेब्रुवारी, रविवार

धुकंच. रेडिओवर सांगितलं की मासे भराभर निघताहेत, ठरलेला आकडा भरत आला आहे. उद्या दुपारी एक वाजता हंगाम बंद. त्यानंतर खोपटी ओढून काठावर नेतील आणि तळ्यावर काहीच उरणार नाही.

आई लवकर झोपली. कोट आणि टोपी खुर्चीवर काढून ठेवली आहे, शाळेच्या पहिल्या दिवसासारखी.


१६ फेब्रुवारी, सोमवार

दुकानात कळवलं की येत नाही. सकाळी धुकं होतं, पण पातळ. दहाच्या सुमारास वरच्या बाजूने निळं व्हायला लागलं. गॉर्डीने दार ढकललं. इंजिन रात्रभर हीटरवर ठेवलेलं, तरी मी सगळं पुन्हा पाहिलं. फटीत बोट घालून पाहिलं. मोकळी होती.

आई उजव्या बाजूला बसली. पट्टे मी लावले. धावपट्टी संपायच्या आत आम्ही वर होतो आणि धुकं खाली राहिलं, गाईच्या पाठीएवढ्या उंचीचं, त्यातून कोठारं वर आलेली. तळ्यावर मात्र वाऱ्याने सगळं झाडून नेलेलं. पांढरं, एवढं पांढरं की उंची कळेना. आणि त्यावर ते गाव.

शेकडो खोपटी. लाल, हिरवी, पत्र्याची, एक जांभळं. माणसं तिळाएवढी. बर्फातून जाणारे रस्ते, दोन्ही बाजूंना ख्रिसमसची टाकून दिलेली झाडं रोवलेली. आपण आत असताना अंधारात एकटे असतो. वरून पाहिलं तर सगळे शेजारी शेजारी अंधारात बसलेले.

मी पंख कलता केला, तिच्या बाजूला, म्हणजे तिला सरळ खाली दिसावं. आणि पाहते तर आई माझ्याकडे तोंड करून बसली होती. काचेकडे पाठच जवळजवळ.

"आई, खाली बघ! खाली!"

"बघतेय."

"माझ्याकडे काय बघतेस? हेच बघायला आलोय ना आपण? एकदाच मिळणार आहे हे!"

"मी बघतेय गं. तू चालव."

मी रागाने आणखी एक फेरी घेतली. ती तशीच. चेहरा माझ्याकडे, डोळे उघडे, हलत नव्हते, आणि तोंडावर काहीतरी हळूहळू उजळत होतं. मग ती म्हणाली, "रस्ते आहेत, रेने. आडवे-उभे रस्ते. झाडं लावलीयत कडेने. खाली असताना कधी कळलंच नाही हे एवढं गाव आहे म्हणून."

रस्ते होतेच. तिने कधी पाहिले, कुणास ठाऊक. माझा राग गेला. आणखी तीन फेऱ्या मारल्या, आणि ती सगळा वेळ माझ्याकडे चेहरा करून होती, आणि मीही मधून मधून तिच्याकडे बघितलं. इतका वेळ आम्ही एकमेकींकडे कधी बघितलं असेल, आठवत नाही. खाली कुणीतरी भाल्याला फडकं बांधून हलवत होतं. तेलाचा दाब शेवटपर्यंत जागचा हलला नाही.

उतरल्यावर पहिल्यांदा नळी पाहिली. तोंड पूर्ण बंद. बर्फाचं घट्ट बूच, अंगठ्याएवढं. मी गुडघ्यांवरच बसून राहिले. गॉर्डी शेजारी वाकला, बघितलं, त्याने टोपी काढली आणि या वेळी परत घातली नाही.

इंजिन सगळा वेळ बाजूच्या फटीतून श्वास घेत होतं.

तेवढ्यात चाकांचा आवाज आला. आईने फळी शोधून काढली होती. कोटासकट झोपली आणि विमानाखाली सरकली. मी म्हटलं, कोट खराब होईल, पोट कोरडं आहे, मी बघितलंय.

तिचा तळहात धातूवरून सरकताना ऐकू येत होता. मग थांबला.

"आहे की इथे," ती खालून म्हणाली. "ओघळ आहे बारीक. झाकणापासून थेट मागपर्यंत. तुला दिसत नाही का?"

मी वाकले. उजेडात डोकं इकडे तिकडे केलं तेव्हा कुठे चमकला. केसाएवढा.

"चिंधी दे," आई म्हणाली.

माझ्याकडे चिंधी नव्हती. गॉर्डीने खिशातला रुमाल दिला. "आर्लिस, धुऊन दे हं परत."

"तू कधी धुतला होतास?" आई म्हणाली, आणि पुसायला लागली. नाकापासून मागे, घाई न करता. मी बॅटरी घेऊन गेले नाही. दाराशी उभी राहिले आणि ऐकत राहिले.

उद्या: तळघराच्या जिन्यातली चिंध्यांची टोपली हँगरमध्ये परत नेऊन ठेवायची.